खोकल्याची रेकॉर्ड

प्लेअर दुरुस्त झाला त्याच संध्याकाळी अण्णा पहिल्यांदा म्हणाले, की त्यांच्या रेकॉर्डी कुणीतरी बदलल्या आहेत.

थोरल्याने ते हसण्यावारी नेलं. तो रविवार त्याने त्या जुन्या यंत्रावर घालवला होता. धूळ काढली, मोटरला तेल दिलं, सैल पडलेला रबरी पट्टा काढून नवा चढवला, आतले सगळे भाग घासूनपुसून चकचकीत केले. गॅसच्या प्रकारानंतर बापलेकांत बोलणं जवळपास थांबलं होतं, आणि थोरल्याला तोंड उघडण्यापेक्षा पेचकस फिरवणं सोपं जायचं. अण्णांनी एक रेकॉर्ड लावली, थोडा वेळ ऐकली आणि सुई उचलून बाजूला ठेवली.

“ही कुठून आणलीस?”

“तुमचीच आहे, अण्णा.”

“कव्हर माझं आहे. आतली माझी नाही.”

त्याने दुसरी लावून दाखवली, तिसरी लावून दाखवली. अण्णा मान हलवत राहिले. घराची दुसरी चावी फक्त थोरल्याकडे होती. अण्णांनी कुणाचं नाव घेतलं नाही, पण त्याला जे ऐकायचं ते ऐकू आलं.

आज पुन्हा रविवार होता आणि सगळे जमले होते. थोरला, त्याची बायको, धाकटी बहीण, आणि खालच्या मजल्यावरून आत्या, जिला कुणी बोलावलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती. दुपारी जुन्या रेकॉर्डी घेणारा गाडी घेऊन येणार होता. अण्णांनी आयुष्यभर जमवलेला जॅझ त्याच्याकडे जाणार आणि अण्णा थोरल्याकडे राहायला जाणार, असं ठरलं होतं. ठरलं तेव्हा अण्णा समोर बसलेले होते, पण बोलले नव्हते. त्यालाच सगळ्यांनी होकार मानलं होतं.

स्वयंपाकघरात धाकटी कप विसळत होती. थोरला ओट्याला टेकून उभा राहिला. गॅसची कळ बंद आहे हे त्याने हात लावून पाहिलं. आल्यापासून ही तिसरी खेप.

“बोललीस त्यांच्याशी?”

“काय बोलू? दार उघडलं तेच म्हणाले, तुला तरी ऐकू येतंय का बघ.”

“बघ. आता मीच वेडा.”

“तसं कुठं म्हणाले, दादा?”

“पहिल्यांदा गॅस उघडा राहिला तेव्हा मी काही बोललो नाही. दुसऱ्यांदा शेजारणीला जिन्यात वास आला. हे आत रेकॉर्ड ऐकत बसलेले. आणि आता जन्मभर हाताळलेली वस्तू ओळखू येत नाही. याला काय म्हणायचं, तू सांग.”

“थकलेत.”

“थकलेला माणूस ‘थकलो’ म्हणतो. ‘कुणीतरी बदलल्या’ म्हणत नाही.”

थोरला लिफ्ट तपासनीस होता. दिवसभर इमारती पालथ्या घालायचा, दोर बघायचा, ब्रेक बघायचा, आणि लिफ्ट चालू ठेवायची की बंद करायची ते सांगायचा. ‘इतकी वर्षं चालतेय की हो’ हे वाक्य त्याला रोज कुणी ना कुणी ऐकवायचं. त्याच्या लेखी त्या वाक्याला किंमत नव्हती. लिफ्ट एकदम पडत नाही. आधी ती मजल्यापेक्षा किंचित खाली थांबायला लागते. लोक पाय उचलून बाहेर येतात आणि विसरून जातात.

“खोकल्याची लावली होती परवा,” तो म्हणाला. “मला म्हणतात, हा आपला खोकणारा नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे तेच. म्हणे, आपला खोकणारा तरुण होता. हा कुणी म्हातारा आहे.”

धाकटीला हसू फुटलं. मग भावाचा चेहरा बघून तिने नळ जोरात सोडला.

*

खोकल्याची रेकॉर्ड हे या घराने दिलेलं नाव. कव्हरवर काय छापलंय ते फक्त अण्णांना ठाऊक होतं. बाकीच्यांसाठी ‘जिन्याची’ होती, ‘निळी’ होती, ‘मुंगीची’ होती. मुंगीचीत ड्रमवाला तारेच्या ब्रशने इतकं हळू वाजवायचा, की कागदावरून मुंगी चालल्यासारखं वाटायचं. खोकल्याची कुठल्याशा क्लबात, समोर बसलेल्या लोकांसकट ध्वनिमुद्रित झाली होती. पेले वाजतात, एक बाई हसते, पियानो थांबतो, आणि ट्रम्पेट सुरू होणार तेवढ्यात अंधारातला कुणी माणूस दोनदा खोकतो. कोरडा, घाईचा खोकला. तो आला, की घरात जो कुणी असेल त्याने ओरडायचं, “पाणी द्या कुणीतरी त्याला!” हे आईने सुरू केलं. ती परिचारिका होती, खोकला तिला ऐकून सोडता यायचा नाही.

सुनेने ते वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. लग्नानंतर ती या खोलीत पहिल्यांदा बसली, तेव्हा ही रेकॉर्ड लागली होती. खोकला आला, सगळे एका सुरात ओरडले, आणि ती उठून धावत आत गेली. पेला भरून घेऊन आली आणि दारात उभी राहून म्हणाली, “कुणाला हवंय?” लोक हसून हसून गडाबडा लोळायचे बाकी होते. सासूने तिच्या हातातून पेला घेतला, “मला, मला हवं होतं गं,” म्हणत घटाघटा प्यायली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेव्हापासून रेकॉर्ड लागली, की सुनेला आत काहीतरी काम निघायचं.

आता ती जमिनीवर बसून खोकी भरत होती. औषधांच्या दुकानात आठवडाभर उभी असायची. रविवारी पाय पसरून बसायला मिळालं तर तेवढंच सुख. अण्णा खुर्चीत बसून तिच्या हातांकडे बघत होते. आत्या कॉटवर, चांगला कान खोलीकडे करून.

“सूनबाई, ती सकाळची आहे,” अण्णा म्हणाले. “संध्याकाळच्यांत घालू नकोस.”

“कशी ओळखायची, अण्णा?”

“ऐकून.”

“घाल गं तू,” आत्या म्हणाली. “खोक्यात अंधारच आहे. सकाळ काय नि संध्याकाळ काय.”

“तुला विचारलं नाही.”

“मला कुणीच विचारत नाही. ऑफिसात टाइप करायचे तेव्हाही कुणी विचारलं नाही, मी सगळ्यांचं वाचायचे.” ती सुनेकडे वळली. “तुमच्याकडे मागची खोली याला. बरोबर?”

“हो.”

“आणि मला?”

“तुम्हाला काय झालंय, आत्या?”

“अजून काही नाही. म्हणून तर आत्ताच विचारून ठेवतेय. आज याची कपाटं रिकामी होतील, उद्या तुझा नवरा माझ्या गॅसच्या कळा तपासायला येईल. कान तर माझा एक गेलाच आहे. मी काही बदललं म्हटलं, तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?”

सुनेने पुढचं खोकं ओढलं. अण्णांनी यायचं ठरलं तेव्हा नवऱ्याने तिला विचारलं होतं, आणि ती “येऊ द्या” म्हणाली होती. दुकानात गिऱ्हाईकाला ‘हो, मिळेल’ म्हणतात तशी. तिची आई तिच्याकडे होती तेव्हा हीच खोली होती, हाच पलंग. आईमागून ती खोली तिने नुकतीच मोकळी केली होती. खिडकीपाशी एक खुर्ची ठेवली होती, स्वतःसाठी. तिच्यावर बसायला अजून सवड झाली नव्हती.

“तुला फरक कळतो का गं?” अण्णांनी अचानक विचारलं.

“मला या संगीतातलं काही कळत नाही, अण्णा.”

“म्हणूनच विचारतोय. ज्यांना कळतं ते मला समजावून सांगतात.”

तिने हातातली रेकॉर्ड खाली ठेवली. सकाळी आल्या आल्या एक लागली होती तेव्हा तिला काय वाटलं, ते तिने आठवून पाहिलं. “मला वाटलं, झोप येतेय,” ती म्हणाली. “पण ती मला येतेच.”

*

गाडी यायला अवकाश होता. अण्णा म्हणाले, “जाण्याआधी जिन्याची लाव एकदा.” धाकटीने लावली.

ही तिची रेकॉर्ड. कव्हरवर गोल जिन्याच्या तळाशी क्लॅरिनेट घेऊन बसलेला माणूस. त्याच्यासाठीच तिने वडिलांकडे क्लॅरिनेटचा हट्ट धरला होता. शाळेतून आली, की याच खोलीत, याच प्लेअरसमोर उभी राहून ती त्या माणसाबरोबर वाजवायची. बोटं अवघड वळायची, कुठल्या कुठे ताणावी लागायची, पण दोघांचा सूर मिळायचा. तोच सूर घेऊन ती संगीताच्या शाळेत गेली. तिथल्या मास्तरांनी पियानोवर साथ धरली आणि हात थांबवून म्हणाले, तू सगळं अर्धा सूर वर वाजवतेस. पुन्हा कर. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. कान हा उपजत असतो, एवढंच म्हणाले. तिने ती शाळा सोडली. क्लॅरिनेट माळ्यावर गेला. आता ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांसमोर भिंगं बदलत विचारायची, हे बरं की हे?

पहिलं गाणं संपलं. ती भिंतीला टेकून बसली होती. आठवडाभराचा शीण डोळ्यांत उतरला होता. गाणं तिला आज जड वाटलं, ओल्या कपड्यांसारखं. वय झालं, दुसरं काय, तिने मनाशी म्हटलं.

दोन गाण्यांच्या मधल्या खरखरीत ती सवयीने पुढच्या गाण्याचा पहिला सूर गुणगुणली. या घरात सगळेच तसं करायचे. रेकॉर्डीच्या आधी सूर धरायचा आणि ती येऊन मिळायची वाट बघायची.

रेकॉर्ड आली ती तिच्या खाली.

धाकटी गप्प झाली. थकलोय आपण, आवाज चढा लागला असेल. तिने पुढच्या फटीची वाट बघितली, पुन्हा सूर धरला. पुन्हा रेकॉर्ड खाली आली, अगदी तेवढीच. अर्ध्या सुराने.

थकवा इतका मापात येत नाही.

“दादा!” तिने हाक मारली. थोरला आतून हातात दोरी घेऊन आला. “प्लेअरचं काय काय केलंस तू?”

“आता तूही?”

“सांग ना. एकेक करून सांग.”

“तेल घातलं. पट्टा बदलला. साफ केला.”

“जुना पट्टा आणि नवा सारखाच होता?”

“त्याच मापाचा. दुकानात घेऊन गेलो होतो. मी काय पोरखेळ करतो का?”

“आणि साफ काय केलंस?”

“सगळं. ती मोटरची कप्पी होती, जिच्यावर पट्टा फिरतो, तिच्यावर मळाचा थर बसला होता. तो खरवडून काढला.”

“कसला मळ?”

“मळ म्हणजे मळ. काळा, चिकट. निघता निघेना. शेवटी पात्याने कापावा लागला, कापडासारखा सुटून आला.” तो थांबला. स्वतःच्या तोंडून गेलेला शब्द त्याने परत ऐकला. “कापडासारखा,” तो हळू म्हणाला.

अण्णा खुर्चीत पुढे सरकले होते. “ती चिकटपट्टी होती,” ते म्हणाले. “तुझ्या आईची.”

रेकॉर्ड वाजत होती.

“तुम्ही लहान होता. पट्टा घसरायचा. गाणं मध्येच रेंगाळायचं, दारुड्यासारखं. नवा पट्टा मिळत नव्हता. ती ड्युटीवरून आली, कपडेही बदलले नव्हते. म्हणाली, पेशंटला पालथं घाला. खिशातून जखमेवर लावायची पट्टी काढली, कप्पीला एक वेढा दिला. पट्टा परत घसरला नाही. नंतर पट्टे बदलले, पण ती तशीच राहिली. मी विसरूनही गेलो होतो.”

“त्या वेढ्याने कप्पी जाड झाली,” थोरला म्हणाला. तो आता तपासणीच्या आवाजात बोलत होता, कारण दुसरा आवाज त्याला सापडत नव्हता. “कप्पी जाड झाली, की वरची तबकडी जोरात फिरणार. वेग वाढला, की सूर वर जाणार.”

“अर्धा सूर,” धाकटी म्हणाली.

“म्हणजे आधी सगळं जोरात होतं. आता आहे तो बरोबर वेग.”

“तरीच!” आत्या म्हणाली. “मी म्हणायचे ना, या वाजवणाऱ्यांच्या मागे कुत्रं लागलंय का म्हणून? तेव्हा म्हणालात, तुला जॅझ कळत नाही.”

अण्णा विचार करत होते. “एवढी वर्षं आपण चुकीचं ऐकत होतो?”

“चुकीचं नाही, अण्णा,” धाकटी म्हणाली. “घाईघाईने.” ती हसणार होती, पण हसू अर्ध्यावर राहिलं. मास्तरांचा तो वर्ग आठवला, आणि पियानोवरचा थांबलेला हात. तिने त्या माणसाचं प्रत्येक गाणं हुबेहूब वाजवलं होतं. तिच्या कानाने एकही चूक केली नव्हती. तेच त्या कानाचं चुकलं होतं.

“रडतेस काय गं?” आत्याने विचारलं.

“नाही. सर्दी आहे.”

*

थोरल्याला त्या खोलीत उभं राहवेना. कचरा कधीच गेला होता. पट्टीचा तो काळा तुकडा त्याने स्वतः डब्यात टाकला होता, वर हात झटकून. त्याने सगळ्यांना घरोघर फोन करून सांगितलं होतं, अण्णांना आता ओळखू येत नाही. आणि त्या खोलीत ओळखू आलं होतं ते फक्त अण्णांनाच. बाकीच्यांनी ते आपल्या दमण्यावर ढकललं होतं, त्याने अण्णांच्या वयावर.

सून उठली. पर्स उघडून तिने चिकटपट्टीचं रीळ आणि छोटी कात्री काढली. औषधांच्या दुकानातल्या बाईच्या पर्समध्ये हे असायचंच. “उघडा ते,” ती नवऱ्याला म्हणाली.

“तुला काय करायचंय?”

“पेशंटला पालथं घाला म्हणते.”

त्याने पेचकस आणला. पट्टा उतरवला. ती गुडघ्यांवर बसली, कप्पीभोवती पट्टीचा तुकडा धरून माप घेतलं.

“कडेवर कड चढू देऊ नकोस,” अण्णा वाकून म्हणाले. “तिथे अडखळेल.”

“टोकाला टोक भिडवते.”

तिने वेढा दिला, नखाने कड बसवली. थोरल्याने पट्टा चढवला. अण्णांनी स्वतः उठून रेकॉर्ड बदलली. धाकटीने सुई ठेवली, आणि वडिलांकडे बघून, दुकानातल्या सवयीने विचारलं, “हे बरं की हे?”

पेले वाजले. बाई हसली. पियानोवाला भराभर बोटं चालवत कडेपर्यंत आला आणि थांबला. सून आत निघून गेली. दोनदा खोकला आला, कोरडा, घाईचा, पंचविशीतल्या माणसाचा.

“पाणी द्या कुणीतरी त्याला!” थोरला आणि धाकटी एकदम ओरडले. आत्या त्यांच्यामागून, जरा उशिरा.

सून पेला घेऊन दारात उभी होती. “कुणाला हवंय?” ती म्हणाली. चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती.

अण्णांनी हात पुढे केला. “मला,” ते म्हणाले. “मला हवं होतं गं.” थोडं प्यायले आणि पेला प्लेअरशेजारी ठेवला.

रेकॉर्डीची ती बाजू संपेपर्यंत कुणी खोक्यांना हात लावला नाही. संपल्यावर थोरला खुर्चीसमोरच्या खोक्यावर बसला.

“अण्णा, रेकॉर्डींचं तुमचं बरोबर होतं.”

“हं.”

“मी उगाच सगळ्यांना सांगत सुटलो.”

“गॅसचं तुझं बरोबर होतं,” अण्णा म्हणाले.

याची कुणाला अपेक्षा नव्हती. धाकटी काहीतरी बोलणार होती, आत्याने तिचा हात दाबला.

“कळ उघडलेली मला आठवत नाही. वास आला नाही. शेजारीण दार बडवत होती तेव्हा मला वाटलं, ही बाई गाणं पुरं का होऊ देत नाही. ती कळ कुणी मोटरवर पट्टी लावल्यामुळे उघडी राहिली नव्हती. मीच विसरलो होतो.” त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. हे हात नकाशा कचेरीत नद्या आखायचे, रेघ कधी थरथरली नव्हती. “गॅस काढून टाक. ती विजेची शेगडी असते ना, आपली आपण बंद होणारी, ती बसव. पण मला इथेच राहू दे. तुझ्याकडे सगळं चांगलंच असेल. तिथे काही बदललं, तर मला कळणार नाही.”

“आणि पडलात तर?”

“पडलो तर उठेन.”

“लिफ्टचे मालक असंच बोलतात.”

“मी येईन रोज सकाळी वर,” आत्या म्हणाली. “याच्यासाठी नाही हो. मला डॉक्टरांनी जिना चढायला सांगितलंय.”

“तुम्हाला डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलंय,” सून म्हणाली. “तुमच्या गोळ्या मीच देते.”

“तू गप्प बस. तू आत्ता कुठे आमच्यातली झालीस.”

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. ती रिळाचं टोक दुमडून ठेवत होती, परत शोधावं लागू नये म्हणून. तिने मान वर केली नाही. तिच्या मनात खिडकीपाशची खुर्ची आली होती, आणि आपल्याला हायसं वाटतंय की वाईट, हे तिला ठरवता येत नव्हतं. खूप दिवसांनी काहीतरी लगेच ठरवायचं नव्हतं.

खाली गाडीचा भोंगा वाजला.

थोरला उठला, खिडकीतून खाली बघितलं. “चालू ठेवतो,” तो म्हणाला. “पण पुढच्या तपासणीपर्यंतच. प्रत्येक जुन्या लिफ्टवाल्याला मी हेच सांगतो.”

“आणि पुढच्या तपासणीला?”

“तेव्हा भांडू.”

तो जिना उतरून गाडीवाल्याला परत पाठवायला गेला. गाडीवाल्याचा चढलेला आवाज वरपर्यंत ऐकू आला, मग थोरल्याचा, नेहमीचा, सपाट. खेप वाया गेल्याबद्दल तो माफी मागत होता.

*

दिवे लागायच्या सुमारास सगळे गेले. गॅसची नळी थोरला सोबत घेऊन गेला. धाकटी माळ्यावरून एक लांबट काळी पेटी उतरवून घेऊन गेली. ‘वाजेल की नाही कोण जाणे’ एवढंच म्हणाली. सून चिकटपट्टीचं रीळ ठेवून गेली होती, प्लेअरशेजारी, पेल्याला टेकवून.

खोकी तशीच होती. सकाळच्या आणि संध्याकाळच्या रेकॉर्डींची पुरती सरमिसळ झाली होती. सगळ्या पुन्हा ऐकूनच लावाव्या लागणार होत्या.

अण्णा उठून स्वयंपाकघरात गेले. सवयीने हात गॅसच्या कळेकडे गेला. ती फिरली, काहीच झालं नाही. त्यांनी ती परत फिरवून बंद केली, तरीही.

बाहेर येऊन त्यांनी पेचकस घेतला. बराच वेळ लागला. पट्टा उतरवला, नवी पांढरी पट्टी नखाने सोडवली, पट्टा परत चढवला. मुलं येतील तेव्हा पट्टी परत लावता येईल. रीळ अख्खं होतं. मग खोकल्याची रेकॉर्ड लावून ते खुर्चीत बसले.

पेले खालच्या आवाजात वाजले. बाई जरा थांबून, पोक्तपणे हसली. पियानोवाल्याला कुठे जायचं नव्हतं. तो एकेका सुरावर बोट ठेवून विचार करत होता. हे सगळं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. परवा ऐकलं तेव्हा राग आला होता, नीट ऐकलं नव्हतं. सगळं दमलेलं होतं, आणि त्या दमण्यात बसायला जागा होती.

पियानो थांबला. दोनदा खोकला आला. सावकाश, छातीतून, त्यांच्याच वयाच्या माणसाचा.

“पाणी द्या कुणीतरी त्याला,” अण्णा म्हणाले.

ट्रम्पेट सुरू झालं. ते थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले, आणि पेला घ्यायला गेले.